चष्मा न काढणाऱ्या बाई

माझ्याकडे पर्यटकांच्या खोलीत उतरलेल्या एका पाहुण्याने एकदा वत्सलाबाईंना सांगितलं, "काकू, आधी चष्मा काढा, मग दुर्बीण डोळ्यांना लावा." मी आत घावणे काढत होते. ते शब्द कानावर पडले आणि मी मनात म्हटलं, मेला हा! आता हा माणूस काही सुखाने न्याहारी करत नाही.

बाहेर डोकावले. बाई पायरीवर उभ्या, हातात पाहुण्याची दुर्बीण आणि नाकावर त्यांचा तो चष्मा. त्याच्या काचा इतक्या जाड की त्या फ्रेमच्या मागे वेगळ्या उठून दिसायच्या. बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "आपण जेवताना दात काढून ठेवता का?"

पाहुणा बिचारा तिशीतला, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. मी घाईघाईने घावणे आणि चटणी त्याच्यापुढे नेऊन ठेवली, म्हटलं तोंडाला काहीतरी काम मिळू दे त्याच्या.

बाई एरवी आमच्यासारखीच मालवणी बोलत. राग आला की मात्र शाळेतली शुद्ध मराठी बाहेर यायची आणि समोरचा माणूस 'आपण' व्हायचा. तीसेक वर्षं त्यांनी आमच्या हायस्कुलात हिंदी शिकवलं. बाईंनी 'आपण' म्हटलं की आज नातवंडं असलेली माणसंसुद्धा पायाखालच्या चपला शोधायला लागत. मीही त्यांचीच विद्यार्थिनी, आणि नंतर शेजारीण. त्यांच्या आणि माझ्या घरामध्ये फक्त जास्वंदीची वय, म्हणजे कुंपण. त्या एकट्या राहायच्या. त्यांना जाऊन आता दोन पावसाळे झाले, तरी माझ्या घरात कोणी चष्मा काढून टेबलावर ठेवला की मला उगाच भीती वाटते.

या चष्म्यामागची गोष्ट त्या स्वतःच सांगायच्या आणि सांगताना डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायच्या. विशीत असताना त्यांना बघायला वेंगुर्ल्याकडचं एक स्थळ आलं होतं. आमच्याकडे त्याला सोरगत म्हणतात. पाव्हणे भाड्याच्या गाडीने आलेले. आईने आतल्या खोलीत त्यांचा चष्मा काढून घेतला, म्हणाली, "सोरगत मोडात गो, वायच वेळ काढ." मग बाई पोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या. समोर सगळं धुकं. त्यातल्या एका उंच धुक्यासमोर जाऊन बशी दिली, लाजून मान खाली घातली, मग हळूच वर करून बघितलं. तो ड्रायव्हर निघाला. नवरामुलगा बाजूला बसून बघत राहिला.

"ड्रायव्हर बरो होतो गो," बाई म्हणायच्या. "तेनाच पयलो 'थँक्यू' म्हटल्यान."

सोरगत अर्थातच मोडली. पुढची दोन-तीन बाईंनी स्वतः मोडली, चष्मा घालून. "जो माका चष्म्याशिवाय बघूक इलो, तेका मी कशी दिसतलंय?" असं काहीतरी त्या म्हणत. त्या दिवसापासून चष्मा कोणासाठी काढायचा नाही हे ठरलं. शाळेच्या ग्रुप फोटोत काचेवर ऊन चमकतं म्हणून फोटोग्राफर ओरडायचा. सगळ्या फोटोंत बाईंच्या डोळ्यांच्या जागी दोन पांढरे ठिपके आहेत. बाईंना ते फार आवडायचे.

दुसरी खोड म्हणजे छापील गोष्टीवर विश्वास नाही. लग्नपत्रिकेत मुहूर्त छापलेला असला की बाई मांडवात घड्याळ काढून बसायच्या आणि भटजींना घाम फुटायचा. कॅलेंडरात भरती-ओहोटीच्या वेळा असतात, त्या वाचून मग खडपांवर, किनाऱ्यावरच्या खडकांवर, जाऊन पाणी बघून यायच्या. परत येऊन सांगायच्या, "आज कॅलेंडर बरोबर आसा." जशी काही कॅलेंडराचीच परीक्षा होती! मी म्हणायचे, "बाई, छापणारे लोक काय खुळे आहेत?" त्या म्हणत, "खुळे नाय गो. पण ते खडपार येवक नाय."

आता पक्ष्याकडे येते. बाई निवृत्त झाल्यावर एका सकाळी माझ्या अंगणात वाळत घातलेल्या कोकमाच्या सोलांवर वरून साप पडला. अर्धाच. समुद्रातला. मी अशी किंचाळले की समोरच्या वाडीतली माणसं धावत आली. "शिरा पडो तुझ्या तोंडार," असं म्हणत मी आकाशाकडे हात केला, तर एक भलामोठा पांढरा-राखाडी पक्षी उरलेला साप पायात धरून सड्याकडे, गावामागच्या कातळी पठाराकडे, निघालेला. माझी सोलं फुकट गेली आणि बाईंना आयुष्याचं काम मिळालं. समुद्र गरुड होता तो. सड्याच्या पायथ्याशी वाडीतल्या दाजीच्या जागेत उंच रायवळ आंबा होता, त्याच्या शेंड्यावर त्याचं घरटं. काट्याकुट्यांचा हा ढीग! खालून बघितलं तर काहीच कळायचं नाही. वर सड्याच्या कडेवर गेलं की मात्र घरटं नजरेच्या पातळीवर यायचं, पण लांब. बाई रोज सकाळी छत्री आणि चहाचा थर्मास घेऊन तिथे जाऊन बसायला लागल्या. त्यांना घरटं म्हणजे एक काळा गोळा दिसायचा. त्या गोळ्यात काय चाललंय हे बघायचं, एवढाच ध्यास.

म्हणून तर माझ्या पाहुण्यांच्या दुर्बिणी. पक्षी बघणारे पाहुणे आले की बाई वय ओलांडून हजर. पण कुठल्याच दुर्बिणीतून त्यांना धड दिसेना. चष्म्यासकट लावली तर मधे चार आण्याएवढा गोल आणि बाकी काळोख. चष्मा काढला तर दुर्बीण कितीही फिरवली तरी एकाच्या जागी दोन, दोन्ही वाकडे. कारण बाईंच्या डोळ्यांना नुसता मायनस नंबर नव्हता, सिलिंडरचाही होता, आणि तो काही दुर्बिणीच्या चक्राने जात नाही. हे त्यांनी कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना भंडावून विचारून घेतलं होतं.

तो घावणेवाला पाहुणा तसा भला निघाला. खाऊन झाल्यावर त्याने आपल्या दुर्बिणीच्या खोक्यातला कागद काढून दाखवला. त्यावर एक आकडा होता, आय रिलीफचा. दुर्बिणीच्या भिंगापासून डोळा किती लांब ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं, ते अंतर. चष्मेवाल्यांना हा आकडा मोठा लागतो, तो म्हणाला, आणि माझ्या दुर्बिणीचा लहान आहे. बाईंनी तो कागद दोनदा वाचला. मग त्या इतक्या खूश झाल्या की त्या माणसाला पुन्हा 'तू' म्हणायला लागल्या.

मला त्यांनी समजावलं ते असं: "हा बघ मंगल. खिडकीक नाक लावलंस तर सगळा परडा दिसता. दोन पावला मागे इलंस तर एकच माड दिसता. खिडकी तीच मां? माझो चष्मो म्हणजे ती दोन पावला. माझ्या डोळ्यांचो दोष नाय गो! माका खिडकी चुकीची देतत."

'माझ्या डोळ्यांचो दोष नाय' हे त्या त्या दिवशी किती वेळा म्हणाल्या असतील! मला तेव्हा हसू आलं. नंतर घरी जाऊन भांडी घासताना एकदम वाईट वाटलं.

डोंबिवलीच्या भाच्याला, सुहासला, त्यांच्या या खटपटीची बातमी लागली. चांगला मुलगा, पण घाईचा. त्याने इंटरनेटवर सगळ्यात मोठ्या आकड्याची दुर्बीण शोधली आणि घरपोच पाठवली. वीसपट! लाल चकचकीत काचा, गळ्यात अडकवली तर मान खाली जाईल असं वजन. बाईंनी ती सड्यावर नेली, लावली आणि मला म्हणाल्या, "बघ, समुद्र नाचता." हात जरा हलला की सगळं उड्या मारायचं. आणि चष्म्यातून तर साबुदाण्याएवढंच दिसायचं. संध्याकाळी सुहासचा फोन आला.

"आत्या, कशी आहे? आकडा जितका मोठा तितकी भारी असते."

"मगे जेवणात मीठ जितका जास्त तितका बरा काय रे?" बाई म्हणाल्या. दुर्बीण परत गेली.

मग बाईंनी स्वतः अभ्यास सुरू केला. एका कंपनीच्या दुर्बिणीवर आय रिलीफ सतरा छापलं होतं, सतरा मिलिमीटर. आता छापलेलं म्हटल्यावर बाई गप्प बसतात होय? खोक्यावरच्या नंबरावर फोन लावला, माझ्याच ओसरीवरून, स्पीकरवर. मी सांडग्या मिरच्या भरत होते.

"सतरा कुठून मोजलंय?" बाईंनी विचारलं. "भिंगाच्या काचेपासून की बाहेरच्या रबराच्या कडेपासून?"

"मॅडम, प्रॉडक्टला दोन वर्षं वॉरंटी आहे."

"वॉरंटीचं नाही विचारलं मी. सतरा कुठून?"

"मॅडम, सतरा बेस्ट आहे."

"आपण स्वतः चष्मा लावता का?"

पलीकडची मुलगी हळूच म्हणाली, "हो मॅडम." आणि लगेच म्हणाली, "मला माहीत नाही मॅडम, आमच्यासमोर फक्त आकडाच असतो." बाई विरघळल्या. पुढे दहा मिनिटं तिला तिचा नंबर काय, डोकं दुखतं का, हेच विचारत बसल्या. दुर्बिणीचा विषय राहूनच गेला.

शेवटी आम्ही दोघी एसटीने पणजीला गेलो. दुकान मोठं, एसी, काचेची कपाटं. दुकानदाराने सतरावाली समोर ठेवली. बाईंनी पर्समधून फूटपट्टी आणि कागदाच्या बारीक पट्ट्या काढल्या. एक पट्टी दुर्बिणीच्या रबरी कडेवर आडवी धरली आणि दुसरी हळूच आत सोडून भिंग किती खोल आहे ते बघायला लागल्या. दुकानदाराचा जीव वर-खाली.

"मॅडम, काचेला चरा पडेल!"

"कागदाने चरा पडत असेल तर आपण ती विकूच नका."

'आपण' आलं! मी खुर्ची बघून बसून घेतलं. भिंग चांगलंच खोल निघालं. सतरा मोजलेले होते आतल्या काचेपासून, आणि डोळ्याला तर रबराच्या बाहेरच थांबायचं. "यातले चार इथेच गेले," बाई म्हणाल्या. "उरले तेरा. त्यात माझी काच बसवायची. म्हणजे सतरा खरं, पण माझ्या उपयोगाचं नाही."

दुकानदार कंटाळून म्हणाला, "मॅडम, सगळे चष्मा काढूनच बघतात."

"चप्पल बसत नाही म्हणून आपण गिऱ्हाइकाला पाय कापायला सांगता का?"

दुकानातला एक म्हातारा गिऱ्हाईक मोठ्याने हसला. दुकानदारही मग हसला, आणि हसल्यावर माणूस मोकळा होतो तसं त्याने कपाटातल्या होत्या नव्हत्या त्या सगळ्या दुर्बिणी बाहेर काढल्या. बाई एकेक घेऊन दाराशी जायच्या, रस्त्यापलीकडच्या झाडाकडे बघायच्या आणि परत आणून ठेवायच्या. आकडे वाचतच नव्हत्या आता. खोकी उलटी करून ठेवायला सांगितली होती त्यांनी. शेवटी एक हिरवट, साधी, आठपट मोठं दाखवणारी दुर्बीण हातात आली. तिची रबरी कड पिळली की पार खाली बसायची, भिंगाला जवळजवळ टेकायची. बाई दाराशी गेल्या आणि परत आल्याच नाहीत. मी उठून बघायला गेले. चष्म्यावर दुर्बीण टेकवून त्या तशाच उभ्या होत्या.

"मंगल," त्या म्हणाल्या, "काठ दिसता गो. सगळ्या बाजूचो काठ दिसता."

पूर्ण गोल दिसत होता त्यांना, आयुष्यात पहिल्यांदा. खोकं सरळ केलं तर आकडा सोळाच होता, सतराहून कमी. दुकानदार म्हणाला, हे जुनं मॉडेल आहे, मॅडम, कोणी घेत नाही. बाईंनी घासाघीस न करता घेतलं. परतीच्या एसटीत सावंतवाडीपर्यंत त्या खिडकीबाहेर दुर्बीण लावून लोकांची वाळत घातलेली धुणी बघत होत्या.

त्या थंडीत घरट्यात पिल्लू आहे हे बाईंनी बघितलं. आणि त्याच थंडीत दाजीने आंबा तोडायचं ठरवलं.

दाजी म्हणजे बाईंच्या बालवर्गातला सोबती, आमच्या वाडीचा मानकरी, गावात देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. माणूस वाईट नाही. पण मुलांनी पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं डोक्यात घेतलेलं, आणि आंबा नेमका मधे. मलाच बघून सुचलं असणार त्यांना, त्याचा दोष मी कोणाला देऊ! बाई दाजीकडे गेल्या. म्हणाल्या, पिल्लू आहे, ते उडून जाईपर्यंत थांब. दाजी म्हणाला, "घरटा जुना आसा वत्सले. रिकामा." बाई म्हणाल्या, मी बघितलं. टपरीवर बसलेली माणसं मात्र बोललीच. "बाईंक दारातलो पोस्टमन दिसना नाय, सड्यावरसून पोर खंय दिसला?" आणि खो खो हसली.

मला इतका संताप आला! मी स्वतः वर जाऊन बघितलं होतं, माझे डोळे ठणठणीत, मी तसं सांगितलंही. तर म्हणाले, "तू काय, तू बाईंची शेपटी." वर चढून बघायला एक जण येईना. सड्याची चढण काही हिमालय नव्हे. पण वर जाऊन बघितलं असतं तर बाई खऱ्या ठरल्या असत्या, आणि तेच कोणाला नको होतं. म्हाताऱ्या, एकट्या, जाड चष्म्याच्या बाईला आपल्याआधी काही दिसावं, हे माणसांना सहन होत नाही. मी हे आजही तोंडावर सांगते.

बाईंनी कुडाळला जाऊन वनखात्यात अर्ज दिला. सुट्ट्या संपल्या की माणूस पाहणीला येईल असं कळलं. तोडणारे त्याआधीच येणार होते. त्या आठवड्यात बाई कोणाशी भांडल्या नाहीत. मलाच काळजी वाटायला लागली. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "दाजीक गाऱ्हाणा घालूचाच लागतला मां?"

आमच्या गावात मोठं झाड तोडायचं तर आधी बुंध्याशी नारळ ठेवून जागेच्या राखणदाराला गाऱ्हाणं घालतात. मानकरी मोठ्याने बोलतो आणि जमलेले लोक प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, 'ह्या झाडार कोणाचो संसार नाय.' संसार असला, म्हणजे अंडी-पिल्लं असली, की झाड थांबतं. पंचायतीत माणूस वाटेल ते बोलेल, टपरीवर तर बोलेलच बोलेल. गाऱ्हाण्यात खोटं बोलण्याची छाती अजून आमच्याकडे कोणाला झालेली नाही. बाईंचा स्वतःचा देवावर काडीचा विश्वास नव्हता. दाजीचा होता, तेवढं त्यांना पुरे होतं.

त्या सकाळी आंब्याखाली वीसेक माणसं. तोडणारे करवत घेऊन बाजूला विडी ओढत बसलेले. दाजीने नारळ ठेवला, हात जोडले.

"बा राखणदारा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या जाग्यार तुझी लेकरा जमली आसत म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या झाडार..."

"वायच थांब रे दाजी," बाई म्हणाल्या.

गाऱ्हाणं अडवलं! असं कोणी कधी केलेलं नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. बाई दुर्बीण गळ्यात अडकवून पुढे आल्या, आणि मालवणीत बोलल्या, म्हणजे रागावलेल्या नव्हत्या. मला तर जास्तच भीती वाटली.

"कापूचा आसा तर काप. झाड तुझा आसा. पण फुडचा वाक्य म्हणूच्या आधी वर चल आणि बघ. मगे राखणदाराक काय सांगूचा ता सांग. मी आड येवचंय नाय."

"माझे गुडघे गेलेत, वत्सले."

"माझे डोळे गेलेत म्हणतत. तरी मी रोज चढतय."

कोणीतरी हसलं, पण यावेळी बाईंना नाही. दाजीने नारळाकडे बघितलं, वर शेंड्याकडे बघितलं. मग टोपी सारखी केली आणि काठी मागितली. तो पुढे, बाई मागे, आणि त्यांच्यामागे सगळी वरात. तोडणारेसुद्धा आले, करवत खाली ठेवून.

वर कडेला पोचल्यावर बाईंनी आधी स्वतः बघितलं, मग दुर्बीण दाजीच्या हातात दिली. दाजीने काय करावं? सवयीने आपला चष्मा काढला, खिशात ठेवला आणि दुर्बीण लावली. इकडे फिरवली, तिकडे फिरवली.

"माका काय दिसना नाय. नुसता धुका."

मागे कुजबूज सुरू झाली. एक जण तर म्हणालाच, "बघ, मी काय सांगी होतंय?" सगळं मुसळ केरात जाणार आता.

"चष्मो घाल," बाई म्हणाल्या.

"चष्मो घालून कोण दुर्बिणीत बघता?"

"मी बघतय. घाल."

त्यांनी दुर्बीण त्याच्या हातातून घेतली, दोन्ही रबरी कडा पिळून पार खाली बसवल्या आणि परत दिली. दाजीने खिशातून चष्मा काढून नाकावर चढवला. त्याचीही काच काही पातळ नव्हती, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितलं. त्याने दुर्बीण लावली, मधलं चक्र फिरवलं, आणि फिरवता फिरवता त्याचा हात थांबला.

खाली समुद्राचा आवाज येत होता.

"आवशीक खाव!" दाजी एकदम ओरडला. "मान वर केल्यान गो! पंख उघडता! वत्सले, माझ्याचकडे बघता ता!"

मग काय, झुंबड. ज्याला त्याला बघायचं होतं. बाई एकेकाला विचारत होत्या, "चष्मो आसा? मगे कड खाली. नाय? कड वर." शाळेत रांग लावावी तशी लावली त्यांनी सगळ्यांची. टपरीवर हसणारा सगळ्यात शेवटी उभा होता. त्याने बघून झाल्यावर दुर्बीण पुसून परत दिली आणि मान खाली घालून उतरायला लागला.

खाली आल्यावर दाजीने गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून घातलं. "बा राखणदारा म्हाराजा, ह्या झाडार एक संसार आसा म्हाराजा! माका म्हायत नव्हता, आज डोळ्यांनी बघलंय म्हाराजा! ता पोर उडान जाय पर्यंत ह्या झाडाक कोणाचो हात लागूचो नाय म्हाराजा! झाली चूक पदरात घे म्हाराजा!" व्हय म्हाराजाचा असा आवाज झाला की कावळे उडाले. तोडणारे माझ्याकडे चहा पिऊन गेले. बाई मात्र तोंड मिटून उभ्या होत्या. जन्मात कधी 'व्हय म्हाराजा' म्हटलं नव्हतं, त्या दिवशीही म्हटलं नाही. मी टोकलं तर म्हणाल्या, "पोर मी शोधलंय. राखणदाराक कित्याक होय म्हणू?"

शिमग्याच्या सुमाराला पिल्लू उडालं. आणि पावसाआधी दाजीने आंबा तोडला. शब्द मोडला नाही त्याने, जेवढा दिला होता तेवढा पाळला. बाईंनी झाड पडताना शेवटपर्यंत बघितलं. त्यानंतर दाजी रस्त्यात भेटला की त्या थांबायच्या आणि विचारायच्या, "आपण कसे आहात?" अगदी हसून. एकाच बाकावर बसलेल्या माणसाला 'आपण'! दाजी माझ्याकडे येऊन रडकुंडीला यायचा. "सांग मां तिका, शिव्या घाल म्हणान."

पुढच्या थंडीत तोच एका सकाळी बाईंच्या अंगणात येऊन उभा राहिला. जोडे काढले नाहीत, वरही आला नाही. म्हणाला, "खाडीच्या पलीकडच्या सड्यार दोन मोठी पाखरा काटक्यो नेतत. माका धड कळना नाय. होडी काढतय. येतंस?"

बाईंनी दुर्बीण गळ्यात अडकवली. मग म्हणाल्या, "मंगल, चल गो. तुझे घावणे ऱ्हवांदे."

मी गॅस बंद केला आणि गेले. होडीत आम्ही तिघंच. दाजी सुकाणूवर, बाई पुढे बसलेल्या, वाऱ्याने पदर उडतोय, तोल सांभाळायला मी त्यांचा खांदा धरलेला. तेव्हाच त्यांचा खांदा किती बारीक झालाय ते हाताला कळलं. खाडीच्या तोंडाशी दाजीने इंजिन बंद केलं. पलीकडच्या कड्यावर एका वाकड्या झाडात काहीतरी काळं दिसत होतं. बाईंनी दुर्बीण लावली. होडी हलत होती, त्या हलत होत्या, तरी त्यांनी ती खाली घेतली नाही.

"आसत," त्या म्हणाल्या. "दोघाय आसत. घरटा नवा आसा."

त्यांनी दुर्बीण दाजीपुढे धरली. दाजीने हात पुढे केला नाही. त्याच्या आवाजात कधी नव्हे ती नरमाई होती.

"तू बघलंस मां? मगे झाला. माझो तुझ्यार विश्वास आसा, वत्सले."

मला वाटलं, आता बाईंचे डोळे भरून येणार. जन्मभर ज्याच्यासाठी भांडल्या ते कोणीतरी आपण होऊन, न मागता दिलं होतं. बाईंनी मान वळवली. डोळे नव्हेत, सगळा चेहराच पेटला होता.

"विश्वास घाल चुलीत!" त्या म्हणाल्या. "चष्मो घाल आणि स्वतः बघ."